अण्णांच्या चेहऱ्याचा रंग

वडिलांचं तेरावं झाल्यावर आईने वृंदाकडे भिंतीवर लावायला त्यांचा फोटो मागितला. फेब्रुवारीत धाकट्या बहिणीच्या लग्नाचे फोटो वृंदानेच काढले होते. तिने हार्डडिस्कवरून त्यातल्या एका फोटोची कॅमेऱ्यातून जशीच्या तशी आलेली मूळ रॉ फाइल उघडली. अल्बममध्ये अण्णा तजेलदार दिसत होते. इथे त्याच फोटोत त्यांचा चेहरा पिवळा होता.

तिने मॉनिटरचे रंग तपासले, सॉफ्टवेअर पुन्हा टाकून पाहिलं. फरक पडेना, तेव्हा तिने स्टुडिओतल्या भागीदाराला, ज्ञानेशला फोन लावला.

"शेजारी उभ्या असलेल्यांचे रंग बघ," तो म्हणाला.

"नवरदेवाचा सदरा पांढराशुभ्र आहे. आईचा चेहराही नेहमीसारखाच."

"मग फाइलमध्ये बिघाड नाही. अल्बम करताना तू काय बदललं होतंस, ते बघ."

तिने तेव्हा केलेल्या बदलांची सॉफ्टवेअरमधली नोंद उघडली. मांडवातल्या दिव्यांचा दोष समजून तिनेच फक्त अण्णांच्या चेहऱ्यावरून ब्रश फिरवला होता आणि पिवळा रंग उतरवला होता. डोळ्यांतलासुद्धा.

एप्रिलमध्ये डॉक्टरांनी विचारलं होतं, "कावीळ कधीपासून दिसतेय?" घरात कुणालाच सांगता आलं नव्हतं.

आई मागे येऊन उभी राहिली. पडद्यावरच्या दोन्ही फोटोंकडे तिने बराच वेळ पाहिलं आणि अल्बममधल्या फोटोवर बोट ठेवलं.

"हाच दे. यात किती बरे दिसतायत."

 वृंदाने तोच छापायला पाठवला.