काचेपलीकडे

गोमाचा वरचा सूर पुन्हा फाटला. ट्रम्पेट ओठांवरून काढून त्याने जिभेने कवळी जागेवर बसवली. आता स्टुडिओच्या काचेपलीकडून शिवी येणार, असं त्याला वाटलं. पण हेडफोनमध्ये प्रवीणचा आवाज आला, "ओके! फार सुंदर. झालं गोमा, पॅक अप कर."

डोंबलाचं सुंदर! उभा जन्म ट्रम्पेट फुंकण्यात गेलेल्या माणसाला आपला सूर लागला की फाटला एवढंही कळू नये?

अल्बम प्रवीणचा होता. भिवपुरीच्या पॉवरहाऊसच्या क्वार्टर्समध्ये वाढलेला प्रवीण तरुणपणी गिटार घेऊन मुंबईच्या स्टुडिओत शिरला, आणि पोशीरच्या लग्नाच्या बँडमधून गोमाला त्यानेच तिकडे ओढलं. दोघांनी दुसऱ्यांच्या सिनेमांत वाजवण्यात आयुष्य काढलं. आता म्हातारपणी जुने सोबती जमवून, खालापूरजवळच्या एका बंगल्यातल्या स्टुडिओत, प्रवीण स्वतःचं जॅझ रेकॉर्ड करत होता. हिरो नाही, गोष्ट नाही, पण ऐकताना डोळ्यांपुढे सिनेमा उभा राहावा असं संगीत. शेवटचा तुकडा सगळा गोमाच्या ट्रम्पेटचा. कव्हरवर पहिल्यांदाच त्याचं नाव छापून येणार होतं.

नावाची गोमाला भूक होती. तंबूतल्या सिनेमात त्याची बायको सोनुबाई त्याला कोपराने ढोसून विचारायची, "यात तुमी कुठं?" चार ट्रम्पेट एकदम वाजायचे, त्यातला आपला कुठला हे गोमालाही माहीत नसायचं. रेकॉर्डिंगचा लाल दिवा विझला की वाद्य पेटीत घालायचं आणि चालू लागायचं, ही वाजवणाऱ्यांची रीत. काचेपलीकडे बसून ऐकायचं ते संगीतकाराने. वाजवणाऱ्याने तिथे डोकावणं म्हणजे आगाऊपणा. गोमाने तो कधी केला नाही.

आज मात्र त्याने सरळ काचेपलीकडच्या खोलीचं दार ढकललं. "लाव. मला ऐकायचंय."

प्रवीणचा चेहरा उतरला. "कशाला रे? सांगतोय ना, छान झालंय."

"लाव म्हटलं ना."

रेकॉर्डिंग करणाऱ्या स्वप्नीलने प्रवीणकडे पाहिलं. प्रवीणने नाइलाजाने मान डोलावली, तेव्हा त्याने बटण दाबलं.

सूर खालून अलगद उठला, वर गेला आणि तिथे थांबला. जराही हलला नाही. जिथे गोमाचा सूर फाटला होता तिथून तो आणखी वर चढला, आणि मजेत खाली उतरला. असा दम गोमाने जन्मात ऐकला नव्हता. हेवा वाटून त्याचं अंग जळलं.

"कोण हाय हा पोरगा?" त्याचा आवाज चिरकला. "कवा बोलवलंस त्याला? माज्या माघारी?"

प्रवीणने स्वप्नीलला बंद करायची खूण केली.

"मला येड्यासारखं फुंकत ठेवलंस आन् त्याचं लावलंस? मग त्याचंच नाव टाक. दुसऱ्याच्या वाजवण्यावर माजं नाव नको. येवढी लाज हाय मला."

"पोरगाबिरगा कोणी नाही रे," प्रवीण म्हणाला. "मी एकदाच एका सिनेमाला संगीत दिलं, तो डब्यात गेला, त्यातली चाल ही. रोज नव्या चाली वाजवायचास, तुला कुठली आठवायला! टेप माझ्यापाशी राहिली होती. आता तुझ्याने होत नाही, हे तोंडावर सांगायला जीभ रेटेना, म्हणून अल्बममध्ये तीच घातली. गोमा, तो तूच आहेस."

गोमा खुर्ची ओढून बसला.

"परत लाव," तो म्हणाला.

स्वप्नीलने परत लावलं. गोमाने शेवटपर्यंत ऐकलं. त्याचे डोळे वाहत होते, ते पुसायचंही त्याला भान नव्हतं. प्रवीणने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुझ्यासारखा ट्रम्पेट मी पुन्हा कोणाचा ऐकला नाही. ती टेप झाली त्या दिवशीच कळलं होतं मला."

गोमाने तो हात खांद्यावरून काढला.

"मग तवा का नाय रं बोललास?"