आईच्या नावाची बुडी

माहेरच्या प्रेस्टनहून आणलेली पत्र्याची किटली. इथल्या नव्या पंथात चहा निषिद्ध, म्हणून तिच्यात कांद्याचं बी. बारा लोखंडी बैलांच्या पाठीवरचा हौद. पाण्याबाहेर आलेला पायाचा अंगठा.

सेंट जॉर्ज गावातल्या पंथाच्या मंदिरात जेमिमा त्या हौदात उतरली होती, मेलेल्या आईच्या नावाने. जिवंत माणसाने घेतलेली बाप्तिस्म्याची बुडी मेलेल्याला पोचते आणि मग स्वर्गात ताटातूट होत नाही. अट एकच, अंगाचा कणही पाण्यावर राहता कामा नये.

"टॅबिथासाठी," असं आईचं नाव घेत हौदात उभ्या ब्रदर पर्लींनी तिला मागे झुकवून बुडवलं. "पाय वर आला, सिस्टर. पुन्हा."

पुन्हा बुडवलं, तर पुन्हा आला.

पायरीवर थांबलेली तिची सवत लोव्हिना हसली. "अगं, मावशीच्या नावाने तर झटक्यात गेलीस खाली! आई भारीच हट्टी दिसते तुझी."

"आहेच." जेमिमाचे दात वाजत होते. "तू आत ये. माझा पाय दाबून धर."

"नको बाई, लागेल तुला."

"लागू दे. घट्ट धर."

या वेळी काहीच वर आलं नाही.

"झालं! आई आता कायमची तुझी," ब्रदर पर्ली म्हणाले.

वीस वर्षांपूर्वी लिव्हरपूलच्या धक्क्यावर ती किटली हातात देताना आईने जेमिमाकडून एकच वचन घेतलं होतं: मला तुमच्या त्या पाण्यात उतरवायचं नाही, मेल्यावरही नाही.