कुशीवर

विद्यापीठाची माणसं मेंदूच्या आरोग्याचा कार्यक्रम घेऊन न्हावऱ्यात आली. पहिला तास पुढाऱ्यांच्या हारतुऱ्यांनी खाल्ला, उरलासुरला मेंदूच्या वाट्याला आला. भैरू आणि गिताबाई मात्र जागचे हलले नाहीत. शिमग्याला त्यांची लेक अंकिता फिट येऊन गेली होती. "देवानंच नेली, तुम्ही काय करणार," असं सगळं गाव म्हणत होतं. ते खरं का, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

विद्यापीठाच्या मॅडमनी सोबतच्या एका विद्यार्थिनीला सतरंजीवर निजवलं. "फिट आली की कांदा, चप्पल हुंगवू नका. दाबून धरू नका. पाणी तर पाजूच नका, ते श्वासनळीत जातं. नुसतं कुशीवर वळवा. काका, तुम्ही या, करून दाखवा."

भैरू पुढं गेला.

"जपून आबा, पोरगी पुण्याची हाय!" मागून कुणीतरी ओरडलं आणि मंडप हसला.

भैरूनं गुडघे टेकले. मुलीला अलगद कुशीवर वळवलं.

"शाब्बास काका! बघा, किती सोपं आहे!" टाळ्या पडल्या.

"म्हंजी एवढंच करायचं व्हतं?"

"एवढंच. सोडा आता तिला."

भैरूचा हात तिच्या खांद्यावरून निघेना. मॅडम गोंधळल्या. तेव्हा गिताबाई उठली.

"ऱ्हाऊ द्या वं बाई थोडा येळ. आमच्या पोरीला यांनी उताणी दाबून धरली व्हती. पाणी मी पाजलं."