पाटीची सावली

या मायबाप, टाळ जरा खाली ठेवा आणि जवळ सरका. हरिनाम घेता घेता एक गोष्ट सांगतो, पंचावन्न सालच्या मंगरूळपीरच्या सडकेची.

सडकेच्या कडेला चहाच्या जाहिरातीची मोठी पत्र्याची पाटी होती. रंगवणाऱ्या पेंटरला जवळच राहणारी कस्तुरा नावाची पोर रोज पाणी नेऊन द्यायची, म्हणून त्यानं तिचाच चेहरा पाटीवर काढला, हातात कपबशी देऊन. त्याच साली पोर तापानं गेली. घरात तिचा एकही फोटो नव्हता. तिची आई गोजराबाई मग रोज दिवस कलला की पाटीच्या सावलीत येऊन बसायची.

पुढं सडक रुंद करायचं ठरलं आणि पाटी आखणीत आली. मुकादम इंद्रभाननं जड हातानं ती उतरवली. कंपनीची माणसं ती गाडीत घालून घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी त्याला गोजराबाई तिथंच बसलेली दिसली.

"माय, उन्हात काहून बसली वं? पाटी तं गेली ना!"

"ऊन कुठी हाये, बाप्पा? ये, बैस."

इंद्रभाननं पाहिलं. तापलेल्या गिट्टीवर चौकोनी सावली पडली होती, आणि वर मोकळं आभाळ होतं. पळून जावंसं वाटत असूनही तो म्हातारीशेजारी टेकला. खालची गिट्टी गार होती.

"पोरी, मुकादमालेबी दे," गोजराबाई मायेनं म्हणाली.

सावलीच्या कडेतून एका हाताची सावली हळूच बाहेर आली. हातात कपबशी होती. ती इंद्रभानकडे सरकू लागली.

मायबाप, सडकेनं जाताना कुठं सावली लागली, तर कस्तुराची आठवण ठेवा.