धक्कास्टार्ट

भर रस्त्यात गाडी बंद पडली, असं मी जाहीर केलं. दोन वर्षं एकमेकांशी अबोला धरलेले माझे दोघे मेहुणे मुकाट खाली उतरले आणि मागून ढकलायला लागले. मी स्टिअरिंगवर, शेजारी सासरे डोळे मिटून.

गाडी तसूभर हलेना.

"नुसता टेकू नकोस, जोर लाव," थोरल्याच्या तोंडून शेवटी निघालंच.

"लावतोय की. तुझं पोटच मधे येतंय, दादा."

मागून दोघांचं खो खो हसणं ऐकू आलं. मला तर शिट्टीच मारावीशी वाटली. खेचून ठेवलेला हँडब्रेक सोडायला मी हळूच हात नेला.

सासऱ्यांनी डोळे न उघडता माझं मनगट धरलं.

"जावईबापू, इतक्यात नको. अजून एकदा दादा म्हणू दे त्याला."