लांबच्या गावची बाई

चोवीस तासांच्या कामासाठी ब्युरोत नाव लिहिताना बायकांनी बजावलं होतं, "जवळचं गाव सांगू नकोस. उठसूट घरी पळणारी बाई कुणी ठेवत नाही." म्हणून शेवंताने गाव लातूरपलीकडचं सांगितलं. खरं तर कामाच्या घरी अंथरुणाला खिळलेल्या आजींना भरवताना खिडकीतून जो डोंगर दिसायचा, त्याच्या पायथ्यालाच तिचं गाव होतं.

दुपारी भावाचा फोन आला. "अक्का, आईचं काय खरं न्हाई. सारखी दाराकडं बघतीया."

ते कळताच आजींच्या सूनबाई कळवळल्या. "इतक्या लांबून लगेच परतणं कसं जमेल? परवा बदलीची बाई येतेय, मग सावकाश जा."

"आत्ता जाते, अंधार पडायच्या आत येते," असं शेवंताच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण खोटं उघडं पडलं असतं, कामही गेलं असतं. तिने आजींना पुढचा घास भरवला.

तिसऱ्या दिवशी सूनबाईंनी लातूरचं जाण्यायेण्याचं भाडं हातावर ठेवलं. ती स्टँडवर पोचते तोच भावाचा पुन्हा फोन आला. आई गेली होती.

एसटीत कंडक्टरने तिच्या हातातली नोट पाहिली.

"मावशी, एवढ्याशा अंतराला पाचशे? सुट्टे बघा की."