पाळकाची माय
१९७४ साली किन्हीराजा गावचा शांतवन पाळक होऊन गावी परतला, तेव्हा पहिला उपदेश ऐकायला त्याची माय मार्थाबाई चर्चमध्ये अगदी पुढं बसली. लोकांच्या शेतात निंदण करून तिनं त्याला शिकवलं होतं. शांतवन बोलायला उभा राहिला, तोच तांड्यावरचा म्हातारा हरिसिंग दारात येऊन रडू लागला. त्याची बायको महारोगानं गेली होती आणि तिरडीला कोणी हात लावत नव्हतं. शांतवननं पांढरा झगा उतरवला. “अन् उपदेश?” मार्थाबाईनं विचारलं. “पुढच्या रविवारी, माय. आज तिले पोचवू दे.” त्याच्यामागं दोन तरुण निघाले. मार्थाबाई क्षणभर हिरमुसली, मग पदर खोचून तीही निघाली. तांड्यावर म्हाताऱ्या हरिसिंगला तिरडी पेलेना आणि चौथा खांदा मिळेना. मार्थाबाई पुढं झाली. “बाया खांदा देत नाहीत,” कोणीतरी म्हणालं. “पाळकाची माय देते,” म्हणत तिनं ताठ मानेनं खांदा दिला.